निळ्याला टेन्शन देऊ नये

३ जानेवारी
मेहुण्याने, म्हणजे रंजिताच्या भावाने हितेशने, मोरा बंदराहून लव्हबर्ड्सच्या दोन जोड्या दिल्यात. हिरवी जोडी लगेच अंड्यांसाठी टांगलेल्या मडक्यात शिरली. निळा मात्र मादीकडे ढुंकून बघत नाही. कारण उघड: स्ट्रेस. घरात मिक्सर, खाली बोअरिंग. स्ट्रेस मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये मी पहिला आलो होतो. निळ्याची केस हातात घेतली.

५ जानेवारी
मिक्सरबंदी. रंजिता म्हणाली, मग वाटण काय तुमच्या डोक्यावर वाटू? पाटा आणतो म्हणालो. तिने मिक्सरची वायर काढली. पटलं असावं.

८ जानेवारी
पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून दोन्ही वेळा निरीक्षण. निळ्याला शांतपणे समजावतो. हिरवा निर्लज्ज, माझ्यादेखत बायकोला भरवतो. निळा कोपऱ्यात.
हितेशचा फोन. "भावोजी, पक्षी हाय तो, तुमचा क्लार्क नाय! इथं बोटीच्या इंजिनाला लागून अंडी घातलीत माझ्या जोड्यांनी." एकेकाचा स्वभाव, म्हणे.
स्वभाव मला शिकवतो. न्हावा शेवा बंदरात अख्खं डॉक्युमेंटेशन सांभाळतो मी. एका क्लार्कला अल्सर झाला, पण तो त्याचा स्वभाव.

११ जानेवारी, रविवार
रंजिताने जाहीर केलं: "पुढच्या रविवारी निळी जोडी माहेरी परत, आणि सोबत मीही." परत कधी येशील, विचारलं. "बघू." मोऱ्याची बोट रोज असते, म्हणालो. हे बोलायला नको होतं बहुधा.

१३ जानेवारी
सरप्राइज इन्स्पेक्शन. हाफ डे टाकून दुपारीच घरी. बूट हातात. सेफ्टी डोअरच्या जाळीतून पाहिलं.
मिक्सर गरगरत होता. त्याच्यावर आवाज चढवून रंजिता गात होती. ही गाते? निळा मादीला चोचीने भरवत होता. "हळू रे बाबा, पळून चाललीय का ती?" असं त्याला म्हणाली आणि एकटीच हसली.
मी कुलपात किल्ली घातली.
हिरव्याला फरक पडला नाही. निळा कोपऱ्यात. मिक्सर बंद. रंजिता ओटा पुसायला लागली. पुसलेलाच होता.
"लवकर आलात?"
बोअरिंगवाल्यांना झापायला आलो, म्हणालो. बोअरिंगवाले केव्हाच गेलेत.

१४ जानेवारी
खुर्ची बाल्कनीत हलवली. कारण: हवा.

१८ जानेवारी, रविवार
हितेशचा फोन. "अभिनंदन भावोजी! निळ्याकडे अंडं आलं ना?" मग एकदम, "आयला. ताई बोलली होती, भावोजींना सांगू नको, बघायला जातील."
मला माहीत होतं, म्हणालो.
रंजिताने बॅग भरलेली नाही. अंडं असताना पिंजरा हलवत नाहीत. म्हणजे थांबली ती अंड्यासाठी.
जेवताना पिंजऱ्याकडे पाठ करून बसलो. बऱ्याच वेळाने मागे कोणीतरी दाणे फोडायला लागलं. कोण, ते वळून पाहिलं नाही.