बाजूला काढलेला घास

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अर्विंग शहराच्या उन्हाच्या भट्टीतून सुटलो एकदाचे. नोकरी निमिषची काय, माझी काय, लॅपटॉपवरच. मग कोलोराडोच्या डोंगरात का राहू नये, हे माझ्या नवऱ्याचं तर्कशास्त्र. आज खोकी उघडली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शिखर दिसतं, मी जाम खूश आहे. उद्या दिवसभर सायकलवर तीन तळ्यांची वाट. गावातलं कुणी तिकडे फारसं जात नाही म्हणे, आणि निमिषला नेमकं तेच हवं असतं. मी थालीपिठं लावून ठेवलीत. प्रोटीन बारवर माझं भागत नाही.

१३ सप्टेंबर, सकाळ. पहिलं तळं

चढाने जीव काढला. इथलं काहीच आपल्याला ‘या’ म्हणत नाही. गवत पोटऱ्या ओरबाडतं, वारा तोंडावर येतो, पाणी काळं. काठावर डबा उघडला आणि कुणीतरी माझ्या हाताकडे बघतंय असं वाटलं. जेवताना कुणाची नजर पडली की आई एक घास बाजूला काढायची. मीही तुकडा मोडून चपट्या दगडावर ठेवला. निमिषने टर उडवली: अगं, वाइल्डलाइफला फीड करू नका असा बोर्ड आहे, फाइन लागेल यार. मी म्हटलं, प्राण्यांसाठी नाही, नजरेसाठी आहे.

निघताना मागे पाहिलं तर दगड साफ. आसपास पक्षीसुद्धा नव्हता.

दुपार. दुसरं तळं

वाटेच्या मधोमध चपटा दगड, ताटाएवढा. धुतल्यासारखा ओला, भोवती सगळं कोरडं. निमिष म्हणतो, कुणी हायकरने ठेवला असेल. मी अख्खं थालीपीठ ठेवलं. वळणावरून पाहिलं, तेही गेलेलं. मला भीती वाटतेय. परत फिरायचं तर त्या दगडावरूनच जावं लागेल, म्हणून पुढे.

तिसऱ्या तळ्याच्या अलीकडे

पुन्हा दगड. आणखी मोठा. डबा रिकामा केला, बारही ठेवले. त्या नजरेला ही सवय मीच लावली. निमिष आता थट्टा करत नाही.

तिसरं तळं

निमिषचं चाक पंक्चर. फोनला रेंज नाही. मी पाणी भरायला काठावर गेले, वळून पाहिलं तर तो बसून ट्यूब बदलत होता. दगडावर. माणूस आडवा मावेल एवढ्या. मी ओरडले, त्यावरून ऊठ. त्याने मान वर केली, काय झालं म्हणाला, आणि माझी बाटली निसटली, मी क्षणभरच खाली पाहिलं —

दगड ओला आहे. साफ. सायकल आहे, तो नाही —

मी त्याला ठेवलं नव्हतं. तो आपणच बसला. मी दिला नव्हता —

उतार

हाका मारून घसा गेला. मदत आणायची, बस. खाली गावाची छपरं दिसतायत. कुणाला तरी कळावं म्हणून लिहितेय —

पुढे वाटेत दगड.

बघतंय.

डबा उलटा करून दाखवला. तरी बघतंय. आता बाजूला काढायला माझ्याकडे —