तीन वाक्यं, दोनशे ल्युमेन

३ नोव्हेंबर
काल अंधारात सायकल खड्ड्यात घातली. गुडघा सुजलाय. बायकोने निक्षून सांगितलं, दिव्याशिवाय अंधारात सायकलवर बसायचं नाही. शब्द दिला. उद्याच चार्जिंगचा छोटा दिवा घेतो. पाच मिनिटांचं काम.

५ नोव्हेंबर
पाच मिनिटांचं काम नाही. उजेड मोजायची ल्युमेन नावाची भानगड आहे. शिवाय बॅटरी, वॉटरप्रूफ, क्लॅम्प. घाई करणारे फसतात. तोवर ऑफिसातून घरी सायकल हातात धरून चालत. चाळीस मिनिटं. व्यायामही होतो.

९ नोव्हेंबर
सव्वीस दिव्यांचा तक्ता केला. ऑफिसातला स्टोअरकीपर म्हणाला, उजेड पडला म्हणजे झालं की! म्हणूनच त्याच्या स्टोअरची ती दशा.

१२ नोव्हेंबर
मुलीला शाळेच्या नाटकात डॉक्टरचं काम मिळालंय. तीन वाक्यं. अठराला, संध्याकाळी सात. शाळा घराशेजारीच. पहिल्या रांगेत बसेन म्हणालो. नक्की ना, असं तिने दोनदा विचारून घेतलं. काय पोरगी आहे!

१५ नोव्हेंबर
दुकानात चौथी फेरी. मला पाहताच दुकानदार आत गेला. माझ्या प्रश्नांची उत्तरं शोधायला गेला असणार. अर्धा तास उभा होतो. शेवटी ऑनलाइन मागवला, ऑफिसच्या पत्त्यावर. दोनशे ल्युमेन. तीनशेच घ्यायला हवा होता का? कामात लक्ष नाही.

१८ नोव्हेंबर
दुपारी दीड. कुरिअरवाला नाही. गेटपर्यंत सहा फेऱ्या. वॉचमन वैतागला.

साडेपाच. आला! पण चार्ज शून्य. हरकत नाही. सायकलने पंधरा मिनिटं. अर्ध्या तासात कामापुरता चार्ज होईल.

सहा. माहितीपत्रक वाचलं. पहिलं चार्जिंग अर्धवट सोडू नये. दोन तास. एवढा अभ्यास केलेल्या माणसाने असली चूक करायची नसते. आणि शाळेची नाटकं वेळेवर सुरू होतात कधी?

सहा पन्नास. दिव्यावरची चार्जिंगची खूण अजून लालच.

साडेसात. हिरवा! सुटलो.

१९ नोव्हेंबर
दिवा उत्तम आहे. काल शाळेचा शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता, ते फाटकापासून लख्ख दिसलं. मुलगी पांढऱ्या कोटात उभी होती. तुझी वाक्यं म्हणून दाखव, म्हणालो. झालं नाटक, म्हणाली. बायकोने तिची पिशवी उचलली.

तिघं चालतच घरी निघालो. सायकल हातात, दिवा चालू. वाटेत मुलीने विचारलं, ऑफिसातून चालत किती वेळ लागतो. चाळीस मिनिटं, म्हणालो. आणि दिवा कधी आला? साडेपाचला.

ती बोटांवर मोजत राहिली. मी दिव्याचा मोड बदलला. परत बदलला. एकूण पाच आहेत.