बाईंनी विचारल्याशिवाय

दि. २, रविवार

उद्या शाळा उघडते. घरात तीन विद्यार्थी आहेत आणि त्यांतल्या एकालाही विद्यार्थी म्हणावेसे वाटत नाही. थोरली नात अकरावीत गेली आहे, म्हणजे आरशासमोर गेली आहे. मधला नातू सातवीत आहे. त्याचे दप्तर मोठ्या सुटीच्या पहिल्या दिवशी ज्या कोपऱ्यात पडले तिथेच आहे, आणि त्यातून आता वास येतो. धाकटीला सगळे टिकली म्हणतात. ती उद्या पहिलीत पाऊल टाकते. या घराण्याच्या विद्येची आशा आता तिच्यावरच आहे.

आज एक संकल्प केला. या शैक्षणिक वर्षात क्रोध करायचा नाही. षड्रिपूंपैकी पाच मी केव्हाच जिंकले आहेत. हा एकच उरला, आणि तोही केवळ घरातल्या माणसांमुळे.

पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत सर्वांचे टाइमटेबल लिहून बाथरूमच्या दारावर टांगले. पहाटे पाचला उत्थान, त्यानंतर स्नान, पाठांतर, अल्पोपाहार. बाथरूमचे दार निवडण्याचे कारण असे की घरात बाथरूम एकच, आणि प्रत्येकाला तिथे यावेच लागते. मला अंमळ अधिक वेळा यावे लागते, पण ते मी पाणी भरपूर पितो म्हणून. डॉक्टरने गोळी दिली आहे. डॉक्टर वयाने फार लहान आहे. गोळी घेत नाही.

टिकलीला शाळेत रोज मी पायी पोचवणार. चिरंजीव म्हणाले, बाबा, व्हॅन लावू या, सगळ्यांचीच मुलं व्हॅननं जातात. मी म्हटले, माझे पाय आहेत तोवर माझी नात डब्यात कोंबून जाणार नाही. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, पायांचं नाही हो, वाटेत तुम्हाला थांबावं लागलं तर काय कराल. हिच्या बोलण्याचा रोख मला समजला नाही. समजून घेण्याची इच्छाही नाही.

रागावलो नाही.

दि. ३, सोमवार

पाच वाजता उठलो. मी एकटाच.

साडेसहाला थोरली बाथरूममध्ये शिरली ती शिरलीच. आतून गाण्याचा आवाज येत होता. दार वाजवले. ती म्हणाली, आजोबा, पाच मिनिटं. पुन्हा वाजवले. ती म्हणाली, आजोबा, तुम्ही आत्ताच तर जाऊन आलात. कोण केव्हा जाऊन आले याची नोंद अकरावीतल्या मुलीने ठेवावी, हे कोणत्या शिक्षणात बसते? मी दारावर मूठ आपटली. हा क्रोध नव्हे. क्रोधात बुद्धीचा नाश होतो, आणि माझी बुद्धी त्या क्षणी अत्यंत जागी होती. टाइमटेबल खाली पडले, तेव्हा ते उचलून पुन्हा टांगण्याचे भानही मला होते.

मधल्याचा एक बूट सापडत नव्हता. सगळे घर पालथे घातले. बूट त्याच्या पायातच होता. दुसरा सापडत नव्हता असे नंतर कळले. मी त्याला चार शब्द सुनावले. सूनबाई डबे भरता भरता म्हणाली, बाबा, तुमचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातोय. जाऊ दे. खालच्या मजल्यावरही मुले आहेत.

शाळेच्या वाटेवर मात्र मन प्रसन्न झाले. टिकलीने माझे बोट धरले होते. शिष्याने गुरूपाशी कसे वागावे, हे जे मला घरात कुणालाच सांगता आले नाही, ते तिला चालता चालता सांगितले. गुरू बोलेपर्यंत शिष्य बोलत नाही. गुरूने विचारले तरच उत्तर द्यायचे. गुरूने ऊठ म्हटल्याशिवाय आसन सोडायचे नाही. तिने विचारले, आणि बाईंनी विचारलंच नाही तर? मी म्हटले, तर गप्प बसायचे. ती म्हणाली, किती वेळ? मी म्हटले, शाळा सुटेपर्यंत. तिने गंभीरपणे मान हलवली.

डोळे भरून आले. सगळ्या घरात एक शिष्य निघाला.

परत येताना वाचनालयात डोकावलो. वाचण्यासाठी नव्हे. हवेत गारवा होता.

दि. ४, मंगळवार

वाचनालयाचा शिपाई म्हणाला, आजोबा, आज पेपरसुद्धा न बघता सरळ मागच्या बाजूला? असल्या माणसांना नोकरीवर कोण ठेवते?

दि. ५, बुधवार

टाइमटेबल उलटे टांगलेले आढळले. पुठ्ठ्याची कोरी बाजू दिसत होती. मधला म्हणतो, वाऱ्याने. बाथरूमच्या दारावर कोणता वारा येतो ते त्याने सांगावे. थोरली हसली. मी तिचा मोबाइल उचलून माझ्या पोथ्यांच्या कपाटात ठेवला. तो दिवसभर कपाटात वाजत राहिला आणि माझे वाचन झाले नाही. संध्याकाळी परत दिला. दिला तो शांततेच्या हितासाठी, तिच्या रडण्यामुळे नव्हे.

शाळेच्या फाटकाशी टिकलीच्या बाई भेटल्या. वयाने थोरलीहून फार मोठ्या नसतील. त्यांनी विचारले, टिकली घरी बोलते ना? वर्गात अजिबात बोलत नाही. मी म्हटले, संस्कार आहेत. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. प्रभाव पडला असावा.

घरी हे सर्वांना सांगितले. ही म्हणाली, आपली टिकली आणि बोलत नाही? बघा हं, काहीतरी बिनसलंय. स्तुतीचा अर्थ कळायलाही अधिकार लागतो.

दि. ६, गुरुवार

अतिशय संतापजनक दिवस. संकल्पाची कसोटी.

दुपारी शाळेतून फोन आला. चिरंजीव ऑफिसातून धावत गेले आणि टिकलीला घेऊन आले. तिच्या अंगात दुसऱ्या कुणाचा तरी फ्रॉक होता, तोही घोट्यापर्यंत आलेला. तिचा स्वतःचा प्लास्टिकच्या पिशवीत होता, ओला. वर्गात झाले. तिने कुणाला सांगितले नाही, उठली नाही, तशीच बसून राहिली. बाकाखालून ओघळ आला तेव्हा शेजारच्या मुलाने पाय वर घेतले आणि ओरडला. मग सगळा वर्ग हसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या बाईंना एवढेही दिसत नाही त्यांनी गुरुपद भूषवावे? सूनबाईला विचारले, पाण्याची बाटली इतकी काठोकाठ भरायची गरज काय होती? चिरंजिवांना विचारले, ही शाळा कुणी निवडली? हिला विचारले, तू अशी माझ्याकडे का पाहतेस?

तेव्हा टिकली बोलली. आजोबांनी सांगितलं होतं, बाईंनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि उठायचं नाही. बाईंनी सगळं विचारलं. नाव विचारलं, रंग विचारला. शूचं विचारलंच नाही.

मधला फस्सकन हसला. थोरलीने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि टिकलीला उचलून आत घेऊन गेली. नंतर कुणीच हसले नाही. चिरंजीव हळू आवाजात म्हणाले, बाबा, उद्यापासून व्हॅन. त्यांनी आवाज चढवला असता तर मला उत्तर देता आले असते.

उपदेशात दोष नव्हता. उपदेश ऐकणाऱ्याचे वय पाहून करावा असे म्हणतात, पण मग पाहायचे किती आणि सांगायचे केव्हा?

रागावलो नाही. पाणी प्यालो. पेला फुटला तो जुना होता.

दि. ७, शुक्रवार

व्हॅन आली. हॉर्न असा की मढे उठावे. मी टिकलीचे दप्तर घेऊन खाली उभा होतो. व्हॅनवाला म्हणाला, आजोबा, जरा बाजूला व्हा, दार उघडू द्या. माझ्या नातीसाठी मी बाजूला व्हायचे. झालो.

टिकली आत बसली. माझ्याकडे पाहिले नाही. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही. गुरूने विचारल्याशिवाय शिष्य बोलत नाही, हा नियम ती घरीही पाळते, असे माझ्या ध्यानात आले.

दि. ८, शनिवार

तिला विचारले, गोष्ट सांगू का? उत्तर नाही. एकाग्रता वाढली असावी.

दि. ९, रविवार

थोरली पाठीमागून म्हणाली, आजोबा, नुसतं सॉरी म्हणा ना तिला, काय जातं तुमचं. वडील माणसाने नातीला सॉरी म्हणायचे, आणि तेही दुसऱ्या नातीच्या सांगण्यावरून? तिला चांगले फैलावर घेतले. ती ऐकून घेत राहिली, मग म्हणाली, बरं, बाथरूम रिकामं आहे, जाऊन या आधी.

ही मुलगी वाया गेली आहे.

टिकलीने दिवसभर सगळ्यांशी गप्पा मारल्या. मधल्याशीसुद्धा. मधल्याशी.

दि. १०, सोमवार

ठरवले, की मुळाशी जायचे. बाईंना जाब विचारायला शाळेत गेलो. बोलायचे मुद्दे मनात नीट मांडले होते: गुरूचे लक्ष, गुरूची करुणा, गुरूचे उत्तरदायित्व. बाईंनी मला बसायला खुर्ची दिली. ती पहिलीच्या मुलांची होती. माझे गुडघे कानांशी आले. त्या स्थितीत उत्तरदायित्वाचा मुद्दा मांडता येत नाही.

बाईच बोलल्या. म्हणाल्या, मी सगळ्यांना करंगळी वर करायला शिकवलंय. तोंडानं काही बोलावं लागत नाही. आज टिकलीनं केली, दोनदा. दुसऱ्यांदा तर नुसतीच गंमत म्हणून. मग म्हणाल्या, बोलायचं नाही असं तिला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. कुणी ते मी विचारत नाही. मी म्हटले, टीव्हीवर काहीबाही दाखवतात. बाई म्हणाल्या, हो, असेल.

खुर्चीतून उठता येईना. बाईंनी दोन्ही हात धरून मला ओढून काढले. वर्गातल्या भिंतीवर मुलांनी काढलेली घराची चित्रे होती. टिकलीच्या चित्रात सगळे होते. मीही होतो, चष्म्यासकट. मला तोंड खूप मोठे काढले होते.

ती चित्रकला विषयात कच्ची आहे.

दि. ११, मंगळवार, सकाळी

व्हॅनवाला आजारी. निरोप ऐन वेळी आला. चिरंजिवांची मीटिंग, सूनबाईची ड्यूटी, थोरलीचा क्लास, हिचे गुडघे. मधल्याला विचारलेच नाही. सगळे एकमेकांकडे पाहत होते आणि माझ्याकडे कुणी पाहत नव्हते. मी पायात चपला घालून केव्हाचा दाराशी उभा होतो, हे दिसू नये असा कोन या घरात नाही.

मी ठामपणे सांगणार होतो, की हा माझा अधिकार आहे. इतक्यात टिकली म्हणाली, आजोबा चालतील मला. ती पुढे म्हणाली, पण रस्त्यात बोलायचं नाही. मी विचारलं तरच बोलायचं. मी मान हलवली. तिने विचारले, कळलं का? मी तोंड उघडले. ती म्हणाली, हं, आता बोलायचं. मी म्हटले, कळले.

सूनबाई पाठ फिरवून ओट्याशी काहीतरी पुसू लागली. तिचे खांदे हलत होते.

मौन हेही एक व्रतच आहे. ते मी माझ्या इच्छेने घेतले.

त्याच दिवशी, दुपारी

झाले ते जसे झाले तसे लिहितो.

सकाळी गडबडीत दोन वेळा चहा झाला होता. थोरली बाथरूममध्ये होती आणि व्रतस्थ माणूस दार वाजवत नाही. वाटेत टिकली अखंड बोलत होती. बाकावर शेजारी कोण बसतो, बाईंची पर्स केवढी मोठी आहे, मुंग्या रांगेतच का जातात. मला काही विचारत नव्हती. वाचनालय आले. त्याच्या दाराला कुलूप होते. औषधाच्या दुकानापाशी मी पावले जरा लांब टाकू लागलो. ती म्हणाली, आजोबा, पळायचं नाही. पळालो नाही.

फाटकाशी पोचलो तेव्हा माझी स्थिती शब्दांत सांगण्याजोगी नव्हती, आणि शब्द मला वर्ज्य होते. बाई उभ्या होत्या. इतर मुलांचे आईवडील उभे होते. टिकलीने माझा हात सोडला आणि माझ्याकडे वर पाहिले. विचारले मात्र काही नाही.

मी करंगळी वर केली.

टिकलीने क्षणाचाही विलंब लावला नाही. तिने माझी तीच करंगळी धरली आणि मला ओढत बाईंपुढे नेले. म्हणाली, बाई, आमच्या आजोबांना जायचंय. त्यांना घाई आहे. मग मला म्हणाली, चला, मी दाखवते कुठे ते. लहान मुलांची सोय फार खालच्या उंचीवर असते. निभावले.

बाहेर आलो तेव्हा ती तिथेच उभी होती. तिने मला हात धुवायला लावले. म्हणाली, शाब्बास, सांगितलंत ते बरं केलंत. मग ती पळत वर्गात गेली, आणि दाराशी वळून मला हात केला.

परतताना रागाला योग्य कारण शोधत चाललो होतो. वाचनालयाचा शिपाई कुलूप उघडताना दिसला. त्याच्यावरही रागावता आले नाही.

दि. १२, बुधवार

व्हॅनवाला बरा झाला आहे असे ऐकतो. घरात त्याचा विषय कुणी काढत नाही. चिरंजीव एवढेच म्हणाले, बाबा, टिकली म्हणतेय तुमच्याबरोबरच जाईन. मी म्हटले, विचार करून सांगतो. तेव्हा चपला माझ्या पायातच होत्या.

गोळी आजपासून सुरू केली. स्वतःच्या निर्णयाने.

बाथरूमच्या दारावरचे टाइमटेबल आज पुन्हा सुलटे टांगलेले आढळले. कुणाचेही काही खोडलेले नाही. फक्त सगळ्यांत वर, जिथे उत्थान लिहिले होते त्याच्याही आधी, टिकलीने लाल खडूने एक मोठी करंगळी काढली आहे. करंगळीला चष्मा घातलेला आहे.