मंगळवारनंतर फोटो नाही

हुआमांगा,
गुरुवार, १४ ऑगस्ट

ओतिलियाताई,

तू, दाजी, पोरं, सगळे खुशाल असाल. थंडीत पसरलेले बटाटे यंदा नीट वाळले का? इकडे माझ्या नवऱ्याचा खोकला आहेच. तू फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी बसवाल्याच्या हाती देतेय.

पोरगी सातव्यातच झाली, तिला काचेच्या पेटीत ठेवलं, हे तुला ठाऊक आहे. दवाखान्याने फोनवर अ‍ॅप दिलं, त्यात घरचं आणखी एक माणूस घालता येत होतं. मी न विचारता तुझा नंबर घातला. आत दिवसातून दोनदाच सोडायचे. बाकी वेळ नर्स एल्मा फोटो टाकायची आणि खाली बाळाच्या तोंडून लिहायची. पहिल्याच दिवशी, ‘मी दोन मोठ्या बटाट्यांएवढी आहे, हसू नका.’ फोटो कोणी पाहिला तेही आम्हाला दिसायचं. नवरा म्हणायचा, "तुझी ताई दगड आहे, दगड! पहिल्या मिनिटाला बघते, पण एका शब्दाने विचारील तर शपथ." मी त्याच्यावर खेकसायचे. मला तेवढं पुरत होतं.

आईच्या शेवटच्या आजारात मी आले नाही. तिच्या मातीला तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "तुला लेकरू होईल तेव्हा कळेल." कळलं, ताई. तुझा राग खरा होता.

मंगळवारनंतर फोटो आला नाही. काल तू चार वेळा उघडून पाहिलंस. अ‍ॅप बिघडलेलं नाही.

त्या दिवशी सकाळचा फोटो छान होता, म्हणून मी निर्धास्त खाली दवाखान्याच्या आवारात धुणं धुवायला बसले. फोन खोलीत राहिला. माणूस निरोप घेऊन आला तशी धावत वर गेले, तर एल्मा दारातूनच ओरडली, "नाव सांग, पोरी! बाप्तिस्म्याचं पाणी घालते तिच्यावर. नाव आणि धर्ममाता, लवकर!" पाद्री येईपर्यंत वेळ नव्हता. नजर लागेल म्हणून आम्ही नावही ठरवलं नव्हतं. माझ्या तोंडून आईचं नाव आलं, देल्फिना. आणि धर्ममाता म्हणून तुझं. दहा मिनिटांनी ती गेली. तेवढा वेळ मी तिच्याजवळ होते.

गेलेल्या लेकराचा पांढरा झगा धर्ममातेनेच शिवायचा आणि तिनेच त्याला घालायचा, हे तुला मी काय सांगणार? सासूबाईंनी बाजारातून तयार आणला होता, मी परत पाठवला. शनिवारी दुपारी पुरायचं आहे. लांबी सदतीस सेंटिमीटर. बाही रुंद ठेव, नळ्यांमुळे हात सुजलेत.

तू आली नाहीस, तर दवाखान्याच्या दुपट्यातच नेईन. दुसऱ्या कुणाचा हात तिला लागू देणार नाही.

तुझ्या धर्मलेकीची आई,
नेलिदा