खोलीत कोण होतं

ता. ६ मार्च

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

आईला एवढ्यात काही सांगू नकोस. ती रडेल आणि मग मीही. परीक्षा संपली म्हणून शनिवारी दुपारी शेजारच्या खोलीतल्या तिघी प्यायल्या. मी इस्त्री मागायला गेले, तर त्यांतली एक जमिनीवर, ओठ निळसर, हाकेला ओ नाही. बाकीच्या दोघी म्हणाल्या, झोपली की उतरेल, कुणाला बोलवू नकोस. मी रुग्णवाहिका बोलावली. पोरगी वाचली.

पण वसतिगृहाचा नियम असा, की ज्या खोलीत बाटली सापडेल त्या खोलीत असलेल्या सगळ्याच दोषी. शुक्रवारी मलाही समितीपुढे उभं राहायचंय, आणि इकडे मुली मला चहाडखोर म्हणतात. ना घरची ना घाटची झालेय. तू अशाच एका कॉलेजचा सुरक्षाप्रमुख. काय बोलू ते लगेच कळव.

वाट पाहणारी,
भिंगरी

ता. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचल्यापासून घास उतरत नाही. मामी म्हणते, येरझारा घालून फरशी झिजवू नका. हाच नियम मी आमच्या फाटकावर राबवतो, पोरांची तोंडं हुंगतो, पिशव्या उपसतो. म्हणून आतलं सांगतो. तू काय केलंस याच्याशी समितीला देणंघेणं नसतं. खोलीत कोण होतं, एवढंच विचारतील. सांग की दारातूनच फोन केला, उंबरा ओलांडला नाही. एवढंसं खोटं पचतं. आईसारखी हरिश्चंद्राचा अवतार होऊ नकोस. आणि जेवत जा.

तुझ्या काळजीत,
मामा

ता. १४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, ते खोटं जिभेवर आलंच नाही. बाहेर बाकावर त्या मुलीचे वडील बसले होते. त्यांनी विचारलं, तिचं डोकं कुणी धरलं होतं. मी म्हटलं, मी. मग आत जाऊन दुसरं कसं सांगू? अध्यक्षबाईंनी शांतपणे ऐकलं, नियम सगळ्यांना सारखा म्हणाल्या, आणि सत्र संपेपर्यंत वसतिगृह सोडायला सांगितलं.

सामान बांधतेय. पण धास्ती वेगळीच आहे. आज जिन्यात दोघी बोलत होत्या, पुढच्या वेळी कुणी पडलं तर दार लावून घ्यायचं. ते ऐकल्यापासून चित्त थाऱ्यावर नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
भिंगरी

ता. १९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

काल संध्याकाळी आमच्याकडे दोन पोरं तिसऱ्याला खांद्यावर घेऊन मागच्या भिंतीकडे निघाली होती. मला पाहताच त्याला टाकून पळाली. एरवी मी धावून गचांडी धरली असती. काल ओरडलो, नावं नकोत मला, याला कुशीवर वळवायला हात लावा. दोघं परत आली. एकाने त्याची उलटी आपल्या शर्टाने पुसली. पोरगा आता शुद्धीवर आहे.

सकाळी प्राचार्यांनी विचारलं, त्याच्याबरोबर कोण होतं. मी म्हटलं, मी होतो. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. नोकरीचं काय ते सोमवारी कळेल.

तुझ्या आईला मीच सगळं सांगितलं. रडली नाही. तुला शाबास म्हणाली, आणि खोटं शिकवलं म्हणून मला या वयात झाप झाप झापलं. तू सरळ इकडेच ये. कॉलेजला इथून बस आहे, लांब पडेल खरी. मामीने तुझ्यासाठी खोली झाडून ठेवलीय, आणि मला एकट्याला ही येरझार सोसत नाही.

तुझाच,
मामा