भीष्मचा आहारतक्ता

रविवार, २ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
गार्गी ऑफिसच्या कामाला महिनाभर हैदराबादला गेली. जाताना रस्त्यात सापडलेलं कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू माझ्या मांडीवर ठेवलं आणि अट घातली. तीस तारखेला ती येईपर्यंत ते पाच किलोचं झालं पाहिजे, नाहीतर तिच्या मैत्रिणीकडे, नूपुरकडे, कळमेश्वरला. अंडं देत जा म्हणाली. स्वतःच्या बापाला! आईच्या काळापासून या घरात अंडं आलेलं नाही. पिल्लाचं नाव भीष्म ठेवलं. आजपासून पौष्टिक शाकाहार.

वजनकाट्यावर आधी मी एकटा, ७८. मग त्याला घेऊन, ८१.२. म्हणजे भीष्म ३.२. माझं वजन रिटायर झाल्यापासून स्थिर आहे, ते परत परत करायची गरज नाही.

सायं. ५
दुपारी मित्र देवरावसोबत साप्ताहिक मीटिंग. सावजी मटण, रस्सा जहाल. बाहेरचं घरात मोजत नाहीत. आल्यापासून भीष्म माझी बोटं चाटतोय. एका दिवसात एवढा लळा!

मंगळवार, ४ नोव्हेंबर
तक्ता फ्रिजवर लावला. सकाळी नाचणीचं सत्त्व, दुपारी मूगडाळीची खिचडी वर तूप, संध्याकाळी पनीर. प्रोटीन, कॅल्शियम, सगळं आलं. भीष्मने सत्त्व हुंगलं आणि जाऊन माझ्या चपलेवर बसला. दर दहा मिनिटांनी उठून वाडगा पाहिला. जैसे थे. अन्न टाकवत नाही, मीच संपवलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
खिचडी: दोन घास. पनीर: एक तुकडा, तोही सोफ्याखाली ठेवून आला. संत्र्याची फोड दिली, शिंकला. उरलेलं मी संपवलं. पनीर ताजं होतं.
बायको, नीला, म्हणाली, "अहो, तो खाऊन नाही राहिला, तुम्हीच खाऊन राहिले." निरीक्षण वरवरचं आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर
काट्यावर दोघं मिळून ८१.९. वजा ७८. भीष्म ३.९!! सातशे ग्रॅम! गार्गीला मेसेज केला. तिने फक्त अंगठा पाठवला.
मीटिंग झाली. आल्यावर बोटं चाटणं परत सुरू. इतर दिवशी ओळखही दाखवत नाही. मानी आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
झोपून असतो. वाढीच्या वयात झोप लागतेच. मला मात्र चैन नाही. तुपाचं प्रमाण दुप्पट केलं. वाडगा हलवून पाहिला, उन्हात ठेवून पाहिला, स्वतः जमिनीवर बसून खाऊन दाखवलं. तो कौतुकाने बघत होता.

रविवार, १६ नोव्हेंबर
८२.८. भीष्म ४.८. कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात पुढच्या रविवारी माझं भाषण ठरवून आलो, 'पिल्लू आणि शाकाहार'. नीलाला त्याच्या फासळ्या दिसतात म्हणे. बांधा काटक आहे.
पँटचं बटण तुटलं. हल्लीचे धागेच कच्चे.

शनिवार, २२ नोव्हेंबर. दुपारी १२
भाषणात दाखवायला सर्टिफिकेट हवं म्हणून भीष्मला डॉक्टर मिनलकडे नेलं. त्यांनी त्याला काट्यावर ठेवलं. ३.३.
मी म्हटलं, मॅडम, तुमचा काटा बिघडला. त्या म्हणाल्या, "तुम्ही उभे राहून पाहा ना काका." राहिलो. ८०.४.
सोबत आलेली नीला म्हणाली, "पिल्लाचं जेवण कोनाले लागलं, दिसलं."
डॉक्टर म्हणाल्या, अंडं द्या. नसेल चालत तर पिल्लांसाठी तयार मिळतो तो संपूर्ण शाकाहारी आहार आणा, पण घरच्या अंदाजावर त्याची वाढ खुंटते आहे. आजच काहीतरी करा. भीष्म टेबलावर उभा होता. पाय थरथरत होते. ते थंडीने नव्हतं, मला दिसलं.

सायं. ६
नीला म्हणते, "मी उकडते अंडं. आई काही वरून पाहून नाही राहिल्या." तयार आहार म्हणजे आपल्या तक्त्याचा पराभव. दोन्ही पर्याय विचाराधीन. सोमवारी निर्णय.

रविवार, २३ नोव्हेंबर
भाषण प्रकृतीच्या कारणास्तव रद्द. कोणाच्या, ते कळवलं नाही. मीटिंग मात्र झाली. मी डॉक्टरचं सांगितलं तर देवराव म्हणाला, "काहून एवढा विचार करतं गा? मटणाच्या वेळी तर नाही करत." विषय बदलला.

सोमवार, २४ नोव्हेंबर
निर्णय घेणार होतो. नीलाने हैदराबादला फोन केला होता. गार्गी सकाळच्या गाडीने आली, भीष्मला उचललं, फासळ्यांवरून हात फिरवला. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. दुपारी त्याला कळमेश्वरला घेऊन गेली.
चपला मोकळ्या पडल्या आहेत. मला त्या घालवेनात.

शनिवार, २९ नोव्हेंबर
नूपुरचा मेसेज. रोज दोन अंडी खातो, ३.८ झाला. तिने त्याचं नाव बदललं. बिट्टू.
फ्रिजवरचा तक्ता काढला. मागच्या बाजूला नवा लिहिला, माझा. सकाळी काकडी.

रविवार, ३० नोव्हेंबर
मीटिंगनंतर स्कूटर काढली, कळमेश्वरला गेलो. बिट्टू अंगणात होता. गुबगुबीत. मला बघून भुंकला, अनोळखी माणसावर भुंकतात तसा. मी हात पुढे केला. हुंगला, थांबला, मग बोटं चाटायला लागला. नूपुर म्हणाली, काका, तुम्हाला विसरला नाही बघा.
मीही तसंच म्हटलं.
सावजीकडून निघताना आज मी हात धुतले नव्हते.