सावाएताईचे जास्त टिकणारे टायर

कितो, १० मार्च

चि. किहाचीस अ. उ. आ.

हिमेजीतली थंडी ओसरली असेल. इथे सावलीतल्या उतारांवर अजून बर्फ आहे. मी ठणठणीत आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण आमच्या नोबूने तुला फोन करून काहीतरी भलतंच सांगितलं असणार.

त्यातलं खरं तेवढं सांगते. नोव्हेंबरात जंगलातल्या खडीच्या रस्त्यावर माझी मोटरसायकल घसरली आणि डावं मनगट मुरगळलं. मागचा टायर पार गोटा झाला होता. युझूची लिंबं उतरवून झाली की बदलू, असं म्हणत मी तो ओढला. चूक माझी. वयाची नव्हे, आळसाची. आळशी तर मी विशीतही होते, तुला ठाऊक आहे. पण शेजारच्या ओकिताबाईंनी चिबाला फोन लावला आणि माझ्या लेकाला घाम फुटला.

आता त्याचा एकच धोशा आहे: मे महिन्यात पंच्याहत्तर पूर्ण होतील, त्याआधी लायसन्स परत करून टाक. लायसन्स गेलं म्हणजे मोटरसायकल गेली आणि लिंबं वाहायचा छोटा ट्रकही गेला. आमच्या खालच्या थांब्यावर बस दिवसातून दोनदा येते, तीही ड्रायव्हरच्या मर्जीने. म्हणजे मला घरच सोडावं लागणार. त्याचीही तयारी त्याने ठेवली आहे. चिबाच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी एक खोली रिकामी करून पडदेसुद्धा लावलेत. पडद्यांचा रंग कळवला त्याने मला! मी कळवलं की मी कितोतच मरणार, आणि तेही इतक्यात नाही.

तेव्हा मुद्द्याचं. एप्रिलच्या शेवटी डोंगरावरचा रस्ता उघडेल. त्याआधी तुझ्या दुकानातली सर्वांत जास्त टिकणारी टायरची जोडी पाठव. दिसायला कशीही असली तरी चालेल. टिकली पाहिजे.

गुडघ्याला तेल लावत जा. थोरल्याला आणि सुनेला आशीर्वाद. ताईवर लोभ ठेव, आणि पार्सल बांधताना दोरी कंजूषपणे वापरू नकोस.

तुझी,
सावाएताई

*

चिबा, १७ मार्च

ती. किहाचीमामांना शि. सा. न.

फोनवर नीट बोलता येत नाही म्हणून लिहितो. आईने तुमच्याकडे टायर मागितलेत असं कळलं. मामा, कृपा करून पाठवू नका.

माझं चुकत असेल तर सांगा. ती त्या खडीत पडली तेव्हा गाडी तिच्या पायावर होती. हे तिने तुम्हाला लिहिलं नसणार. कसाबसा पाय सोडवून, मुरगळलेल्या हाताने तिने गाडी उभी केली आणि चालवत घरी आली. मला ओकिताबाईंकडून कळलं, तेसुद्धा आठवड्याने. त्या रस्त्यावर फोन लागत नाही. फोन वाजला की अजून मी हातातलं काम टाकून आधी कितोचा नंबर आहे का ते बघतो.

बाबा होते तेव्हा ते तिच्या मागे बसून जॅकेट घट्ट धरायचे आणि सगळा वेळ ओरडत राहायचे, हळू, हळू. आता हळू म्हणणारं कोणी नाही.

तुम्ही स्वतः मागच्या वर्षी लायसन्स परत केलंत. तुमचं ती ऐकेल. अगदीच ऐकलं नाही, तर लवकर झिजणारे टायर द्या. दोन उन्हाळे हौस भागेल, टायर संपतील आणि विषय आपोआप मिटेल. तिला दुखवायचं नाही, एवढंच.

मामींना नमस्कार. लहानपणापासून माझ्यावर जी माया केलीत ती याही वेळी असू द्या.

आपला,
नोबुताका

*

हिमेजी, २४ मार्च

ती. सावाएताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. टायरची जोडी आजच रवाना केली. वरचे रबराचे ठोकळे बघ कसे उंच आणि दणकट आहेत! खडीत वाघासारखे पंजे रोवतील. अगदी टिकाऊ म्हणतात ते टायर मुद्दामच पाठवले नाहीत, कारण त्यांचं रबर कडक असतं, पावसात घसरतं. हे दोन उन्हाळे आरामात जातील. पुढचं पुढे बघू.

ताई, रागावू नकोस, पण नोबूच्या बोलण्यातही तथ्य आहे. मी लायसन्स परत केलं तेव्हा मलाही जिवावर आलं होतं. थोरल्याने पोलीस ठाण्याच्या दारात फुलांचा गुच्छ दिला, फोटो काढला. आता लायसन्स परत केल्याचं सर्टिफिकेट दाखवलं की टॅक्सीला सवलत मिळते, हमामखान्यात सवलत मिळते, आणि स्टेशनजवळचा नूडलवाला वाटीत एक उकडलेलं अंडं फुकट टाकतो. माणसाला आणखी काय लागतं? बसमध्ये बसायला जागाही मिळते.

मोटरसायकल विकली, तेव्हा दुकानाचा मागचा कोपरा मोकळा झाला. तिथे आता मी कुंड्या ठेवल्यात.

थोरला दुकान चांगलं चालवतो. मी मधेमधे जाऊन बसतो. मनगट शेकत जा. धाकट्या भावाचं बोलणं मनावर घेऊ नकोस, माया मात्र पूर्वीइतकीच असू दे.

तुझा,
किहाची

*

कितो, २ एप्रिल

किहाचीस,

आशीर्वाद या पत्रात नाहीत. पुढच्या पत्रात द्यायचे की नाही, ते तुझ्यावर आहे.

पार्सल आलं. तुझ्या वाघाच्या पंजांकडे बघून क्षणभर मीही हुरळले. मग अंगठ्याचं नख रोवलं, तर खरवसात जावं तसं आत गेलं. हे शर्यतीचे टायर आहेत, मूर्खा. आमच्या रस्त्यावरची खडी यांचे लचके तोडून एका हंगामात यांना बोडकं करेल. नख रोवून रबर ओळखायचं तुझ्याच दुकानात, तुझ्याच शेजारी उकिडवं बसून शिकले मी. तेच विसरलास? की म्हातारीची नखं बोथट झाली असतील असं वाटलं?

आणि दोन उन्हाळे! हेच दोन उन्हाळे नोबूच्या पत्रात आले होते. दोन उन्हाळे मजा कर आई, मग चिबाला ये, असं. दोघांना एकदमच दोन आकडा सुचला होय? म्हणजे तुम्ही दोघांनी बसून माझी मुदत ठरवलीत आणि ती टायरच्या रूपाने पार्सल केलीत. दोरी मात्र भरपूर वापरलीस.

चाळीस वर्षं टायर विकलेस तू. गिऱ्हाईक आलं की विचारायचास, कुठे जाणार, रस्ता डांबरी की खडीचा, मागे ओझं किती. तुम्ही अजून किती वर्षं जगणार, असं कुठल्या गिऱ्हाइकाला कधी विचारलंस का रे? मग मला का न विचारता मोजलंस? मी सख्खी बहीण म्हणून?

पावसाची काळजी खरी असेल तर ती टायरवाल्यासारखी कर. भावासारखी केलीस की तुझी अक्कल जाते.

राहता राहिलं तुझं अंडं. एका उकडलेल्या अंड्यासाठी पाय विकून बसलास आणि मला पत्ता देतोस त्या दुकानाचा! तू हिमेजीहून थेट उत्तरेच्या टोकाला, होक्काइदोला मोटरसायकलवरून गेलेला माणूस. तंबूत पाणी शिरलं तरी तुझ्या पत्रातून हसू ऐकू यायचं. परवाच्या पत्रात कुंड्या आहेत.

पंचाहत्तरी ओलांडणाऱ्यांची परीक्षा मी देऊन आले. चित्रं दाखवतात, मधे काहीतरी दुसरंच करायला लावतात, मग विचारतात काय काय पाहिलंत. रणगाडा, ढोल, डोळा, सगळं सांगितलं. वर तपासणाऱ्या पोराच्या टायवरचं चित्रही सांगितलं, जे कोणी विचारलं नव्हतं. पास झाले.

टायर परत पाठवते आहे. पोचवण्याचे पैसे तुझ्याकडून घ्यायला सांगितलेत. लोभ असेल तर तो जास्त टिकणारा पाठव.

सावाए

*

हिमेजी, १४ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

टायर आले. पैसे मी भरले. ही बघत उभी होती आणि हसत होती.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला इतके दिवस लागले, कारण सुरुवातीला फार राग आला. मग दुकानात गेलो. तेव्हा एक तरणा मुलगा टायर घ्यायला आला होता. थोरल्याने विचारायच्या आत मीच विचारलं, कुठे जाणार? त्याने तुमच्या शिकोकू बेटाचं नाव घेतलं, तुझ्याच रस्त्याचं. मी त्याला कुठे खडी मोठी, कुठे वळणावर वाळू, कुठे पाणी मिळतं, सगळं सांगत बसलो. शेवटी त्याने सहज विचारलं, आजोबा, तुम्ही हल्ली कुठे जाता? मला हमामखाना आठवला. तेवढाच आठवला, ताई.

नोबूचं पत्र आलं होतं, ते खरं. पण त्याच्यावर ढकलणार नाही. तो पोरगा घाबरलाय, आणि घाबरण्याचा त्याला हक्क आहे. गाडी पायावर पडली होती, हे तू त्याच्यापासून आठवडाभर लपवलंस, माझ्यापासून अजूनही. माझं दुखणं वेगळं होतं. मी थांबलो आणि तू थांबत नव्हतीस, ते मला बघवत नव्हतं. तू सोडलं असतंस म्हणजे माझंही बरोबर ठरलं असतं. झालं, लिहून टाकलं.

आता टायरवाला म्हणून लिहितो. नुसतं कडक रबर तुला देणार नाही. तिकडे पाऊस कमी पडत नाही. मधे कडक आणि कडेला मऊ, असं दुहेरी रबर असलेला टायर मिळतो. सरळ रस्त्यावर मधला भाग झिजायला वर्षं लागतात आणि वळणावर ओल्यातही कड पकड सोडत नाही. ठोकळे बुटके, एकमेकांना खेटून, म्हणजे खडीला लचका तोडायला फट मिळत नाही. दिसायला अगदीच साधा आहे. तुझ्यासारखाच म्हणणार होतो, पण तू पुन्हा पार्सल परत करशील.

बाजूवर कारखान्याची तारीख असते ती बघूनच मागवले, अगदी ताजे. पार्सलने पाठवणार नाही. स्वतः घेऊन येतो. बसवूनही देतो. हवा किती भरायची ते तुझ्यावर सोडलं तर तू पुन्हा आळस करशील.

या पत्राला आशीर्वाद मिळण्याची आशा धरतो.

तुझा,
किहाची

*

कितो, ३ मे

चि. नोबुताकास अ. उ. आ.

तुझ्या मामाने पराक्रम केला, तो तुला कळवायलाच हवा. दोन टायर दोन खांद्यांत अडकवून तो बसने आला. तोकुशिमाला ड्रायव्हर म्हणाला, हे सामान आत नेता येणार नाही. तेव्हा मामाने सर्टिफिकेट काढून दाखवलं आणि म्हणाला की तुमच्याच सांगण्यावरून मी गाडी सोडली, आता टायर काय डोक्याने वाहू? ड्रायव्हरने टायर आत घेऊ दिले. आमच्या डोंगराची शेवटची बस मात्र चुकली, मग मी ट्रक घेऊन खाली गेले आणि त्याला उचलून आणलं.

अंगणात आम्ही दोघांनी टायर बसवले. कडेला साबणाचं पाणी लावलं, मी पायाने दाबत होते, तो लोखंडी पट्टीने कड उचलत होता आणि दोघं एकमेकांवर खेकसत होतो. हवा भरल्यावर कड रिमला ठाप्पकन बसली, तेव्हा मामाने टाळ्या वाजवल्या. मग त्याला मागे बसवून मी वरपर्यंत जाऊन आले. नवे टायर तुळतुळीत असतात, म्हणून जाताना अगदी सावकाश. वर धुकं होतं, रस्ता ओला होता. दोन्ही टायर कुठेही घसरले नाहीत. तो तुझ्या बाबांसारखा ओरडला नाही. वाटेत एकदाच बोलला, आणि तेही म्हणाला की जरा वेग घे.

नोबू, गाडी पायावर पडली होती ते मी तुला सांगायला हवं होतं. फोन वाजला की तू हातातलं काम टाकून कितोचा नंबर आहे का ते बघतोस, हे मामाने सांगितलं. तेव्हा मी चुलीपुढे बसून रडले. हे तुझ्यापुढे कबूल करते. यापुढे डोंगरावर जाताना ओकिताबाईंना सांगून जाईन आणि आल्यावर तुला फोन करेन. पाऊस असेल तर जाणार नाही. मी स्वतः गाडी उचलू शकले नाही, तर त्या दिवशी लायसन्स स्वतः जाऊन देईन. तो दिवस मी ठरवेन. तू नाही, मामा नाही, पडद्यांचा रंग तर नाहीच.

सूनबाईला आणि माझ्या नातीला आशीर्वाद. आईवर राग धर, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
आई

*

चिबा, १५ मे

ती. आईस शि. सा. न.

परवाचा तुझा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. तू म्हणालीस, पोचले, आणि ठेवून दिलास. मी साहेबांसमोर मोठ्याने हुश्श केलं. सगळे बघायला लागले.

वाढदिवसाचे तुला साष्टांग नमस्कार. भेट म्हणून गाडी उभी करताना पाय वाचवणारे बूट पाठवले आहेत. परत पाठवू नकोस, पोचवण्याचे पैसे मी देणार नाही.

त्या खोलीत सध्या तुझ्या नातीचा ढोल आहे. पडदे तसेच आहेत. पाहुणी म्हणून कधीतरी येशील का? काळजी मी सोडलेली नाही, ती माझ्याकडेच राहू दे. तुझी मायाही.

तुझा,
नोबू

*

कितो, २० जून

चि. किहाचीस अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद. मागचे राहिलेले धरून.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की ओकिताबाई कुंपणापाशी आल्या. एकदा परत केलेलं लायसन्स परत मिळत नाही, म्हणून सत्तरीत पहिल्यापासून ड्रायव्हिंग स्कूल! शाळा सुटलेल्या पोरांच्या रांगेत तू, सगळ्यांच्या आधी हेल्मेट घालून. आणि अरुंद फळीवरून गाडी न्यायच्या परीक्षेत तू पडलास, हे वाचून तर जीव गार झाला. अरे, फळीकडे बघतोस म्हणून पडतोस. लांब बघ. पोरं तुला आजोबा म्हणून टाळ्या वाजवतात, ते मनाला लावून घेऊ नकोस, टाळ्या तर आहेत ना!

थोरला घरात तोंड फुगवून बसलाय, असं लिहितोस. त्याला नोबूचा नंबर दे. दोघे एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून रडतील.

आता ऐक. नोबूने पाहुणी म्हणून बोलावलंय. ऑक्टोबरात, लिंबं उतरवायला लागण्याआधी, मी चिबाला जाणार आहे. आगगाडीने नाही. वाटेत हिमेजीला तुझ्या दारात हॉर्न वाजवेन. तोपर्यंत त्या फळीवरून उतरून लायसन्स खिशात असलं पाहिजे आणि कोपऱ्यातल्या कुंड्या बाहेर गेलेल्या असल्या पाहिजेत.

टायर मात्र आताच घेऊन ठेवू नकोस. रबर पडून राहिलं की कडक होऊन मरतं, हे तूच शिकवलंस. गाडी आली की घे. आणि नूडलवाल्याचं अंडं खात दुकानात उभा राहून उगाच विचार करत बसू नकोस की आता या वयात किती दिवसांसाठी घ्यायचे.

सर्वांत जास्त टिकणारे घे.

तुझी,
सावाएताई